एडिटिंग आणि गेमिंगचा कॉम्प्युटर: सोलापूरच्या उन्हाचा आणि विजेचा विचार करून पार्ट कसे निवडावेत

दुकानात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘आय फाइव्ह दाखवू की आय सेव्हन?’ ही इंटेलच्या प्रोसेसरची नावं. याचं उत्तर लगेच देऊ नका. नुसत्या ‘आय सेव्हन’ने काहीच कळत नाही. २०१३ साली आलेल्या चौथ्या पिढीच्या आय सेव्हनमध्ये चार कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग) होते. चौदाव्या पिढीच्या साध्या आय फाइव्ह १४४०० मध्ये दहा आहेत. नाव मोठं असलं तरी माल जुना असू शकतो. घरात एकच मशीन, दिवसा लग्नाचं एडिटिंग आणि रात्री गेम, अशी गरज असेल तर प्रोसेसरचा नंबर यादीत बराच खाली येतो.

आधी कागदावर तीन गोष्टी लिहा

फूटेज कुठून येतं, कोणते गेम खेळायचे आणि कॉम्प्युटर घरात कुठे बसणार. तिसरा मुद्दा बहुतेक जण सोडून देतात. सोलापुरात तोच पुढे महागात पडतो.

फूटेजचं गणित सोपं आहे. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीचं मोबाइलवर शूटिंग करून रील टाकणाऱ्याची गरज वेगळी आणि लग्नसराईत तीन कॅमेरे लावणाऱ्याची वेगळी. कॅमेऱ्याच्या मेनूत रेकॉर्डिंगचा बिटरेट (सेकंदाला किती डेटा साठतो) दिलेला असतो. तो १०० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) असेल तर ८ ने भागा, कारण ८ बिटचा एक बाइट: सेकंदाला १२.५ एमबी, मिनिटाला ७५० एमबी, तासाला ४५ जीबी. तीन कॅमेरे प्रत्येकी सहा तास चालले, तर एका लग्नाचे ८१० जीबी झाले. ५१२ जीबीच्या एसएसडीत हे एक लग्नसुद्धा मावत नाही, आणि अजून विंडोज टाकायचं आहे, गेम टाकायचे आहेत.

त्याच मेनूत ‘४:२:२ १०-बिट’ असं दिसलं तर ते कागदावर ठळक लिहा. या प्रकारात रंगाची माहिती जास्त साठवली जाते, त्यामुळे कलर करेक्शन छान होतं. पण हे फूटेज उलगडण्याची सोय सगळ्याच ग्राफिक्स कार्डांत नसते. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० किंवा ४०६० मध्ये ती नाही. २०२५ मध्ये आलेल्या ५० सिरीजपासून ती आली. इंटेलच्या प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्स मात्र अकराव्या पिढीपासूनच ४:२:२ चं एचईव्हीसी या फॉरमॅटमधलं फूटेज सहज पेलतं. म्हणून कधी कधी भारी कार्ड टाकलेल्या मशीनवर टाइमलाइन अडखळत चालते आणि बिनकार्डाच्या साध्या इंटेलवर ती सुरळीत पळते. मालक बिचारा रॅम वाढवत बसतो!

गेमच्या यादीत व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक असे गेम असतील तर मधल्या दर्जाचं कुठलंही नवं कार्ड पुरतं. तिथे प्रोसेसरची चपळाई जास्त कामाला येते. मोठ्या गोष्टीचे, भव्य ग्राफिक्सचे गेम असतील तर पैसा कार्डात घाला.

ग्राफिक्स कार्ड

बजेटचा सर्वांत मोठा वाटा इथे जाऊ द्या. टॉवरच्या (मॉनिटर वगळून मुख्य खोक्याच्या) एकूण खर्चाच्या ३५ ते ४० टक्के, असा माझा अंदाज असतो. कार्डाच्या नावाइतकीच त्याची व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) बघा. १०८० पी मॉनिटरवर गेम खेळायला ८ जीबीत अजून भागतं, पण ४के टाइमलाइनवर नॉइज रिडक्शन लावलं की दाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंग सॉफ्टवेअर मेमरी संपल्याचा संदेश दाखवून हात वर करतं. दोन्ही कामं करायची असतील तर १२ किंवा १६ जीबी धरा. आरटीएक्स ५०६० टीआय एकाच नावाने ८ जीबीतही मिळतं आणि १६ जीबीतही. बिलावर आकडा लिहिलेला नसेल तर ८ चंच हातात पडेल असं समजा.

सॉफ्टवेअरचं ओझं कुठे पडतं तेही वेगवेगळं आहे. रिझॉल्व्ह कार्डावर जास्त अवलंबून असतं. त्याची मोफत आवृत्ती ३८४० बाय २१६० पर्यंत एक्स्पोर्ट देते, म्हणजे लग्नाच्या कामाला पुरेशी. प्रीमिअर प्रो या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरला इंटेलच्या अंगच्या ग्राफिक्सचा चांगला फायदा होतो.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड

कॅमेरा ४:२:२ चा असेल आणि ५० सिरीजचं कार्ड परवडत नसेल तर इंटेल घ्या, पण नंबरच्या शेवटी ‘एफ’ असलेला नको. एफ म्हणजे अंगचं ग्राफिक्स नाही. दुकानदार हजार-दोन हजार वाचवून देतो आणि नेमकी कामाची वस्तू कापली जाते.

बाकीच्यांना एएमडीचा रायझन ५ ७६०० किंवा आठ कोअरचा रायझन ७ ७७०० पुरतो. त्यांचा एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आला आणि तो २०२७ पर्यंत तरी चालू ठेवू असं कंपनीने जाहीर केलेलं आहे, म्हणजे पुढे बोर्ड न बदलता प्रोसेसर बदलता येईल. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या वरच्या काही प्रोसेसरमध्ये अस्थिरतेची अडचण निघाली होती. २०२४ मध्ये इंटेलने त्यावर मायक्रोकोडचा (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचा) उपाय दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. त्यातला एखादा घेत असाल तर दुकानातच बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून मागा.

मदरबोर्डवर फार वेळ घालवू नका. एएमडीसाठी बी६५० किंवा बी८५०, इंटेलसाठी बी७६०, चार रॅम स्लॉट, दोन एम.२ स्लॉट (पट्टीसारख्या एसएसडीसाठी). झालं.

रॅम आणि साठवण

३२ जीबी धरून चाला. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेत, त्यामुळे हात आखडतो हे खरं. बजेट तुटत असेल तर आता १६ ची एकच स्टिक घ्या आणि तशीच दुसरी नंतर टाका. ८-८ च्या दोन घेतल्यात तर पुढे पंचाईत होते, कारण डीडीआर ५ च्या चार स्टिक एकदम लावल्या की बहुतेक बोर्डांवर वेग खाली येतो.

विंडोज, गेम आणि हातातलं काम यासाठी १ किंवा २ टीबीची एनव्हीएमई (एम.२ स्लॉटमध्ये बसणारी वेगवान) एसएसडी. पूर्ण झालेल्या कामांसाठी ४ टीबीची हार्ड डिस्क. हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे-दोनशे एमबी देते. तीन कॅमेऱ्यांना लागतात साडेसदतीस, तेव्हा कागदावर सगळं बसतं. प्रत्यक्षात तिची सुई तीन ठिकाणी पळत राहते आणि मल्टिकॅम (अनेक कॅमेऱ्यांचं एकत्र एडिटिंग) अडकतो. एडिटिंग एसएसडीवरच करा. आणि ग्राहकाला पेनड्राइव्ह पोचेपर्यंत फूटेजच्या दोन प्रती ठेवा. लग्न पुन्हा शूट करता येत नाही.

मशीन जुनं असेल किंवा बजेट कमी असेल तर प्रॉक्सी वापरायला शिका. सॉफ्टवेअर फूटेजच्या हलक्या प्रती करून देतं, कट त्यांच्यावर मारायचे, एक्स्पोर्ट मूळ फूटेजवरून होतं. याला एक रुपयाही लागत नाही.

वीज: इथे कंजुषी नको

रंगीत लाइटच्या पंख्यांवर पैसे उडवून एसएमपीएस (सगळ्या पार्टना वीज देणारा डबा) बिननावाचा घेतलेली मशीन शहरात ढिगाने सापडतील. हिशोब करून बघा. ५०६० टीआय कार्ड १८० वॅट, रायझन ७६०० पूर्ण ताणात ९० च्या आसपास, बोर्ड-डिस्क-पंखे मिळून ६० ते ८०. साधारण ३५० वॅट. त्यावर मोकळीक ठेवून नामांकित कंपनीचा ६५० वॅटचा, ‘८० प्लस’ ब्राँझ किंवा गोल्ड शिक्का असलेला एसएमपीएस घ्या. चांगल्या एसएमपीएसला पाच वर्षं किंवा जास्त वॉरंटी असते.

आता यूपीएस. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा (व्हीए म्हणजे क्षमतेचा छापील आकडा) यूपीएस प्रत्यक्षात सुमारे ३६० वॅटच देतो. आपलं मशीन ३५०, वर मॉनिटरचे ३०. एक्स्पोर्ट चालू असताना लाइट गेली की यूपीएसही ‘टुक’ करून बसणार. १००० व्हीएच्या पुढचा, निदान ६०० वॅटचा, व्होल्टेज सांभाळणारा यूपीएस घ्या; शक्य असेल तर प्युअर साइन वेव्हचा. त्याने तासभर काम चालावं अशी अपेक्षा ठेवू नका. पाच मिनिटांत प्रोजेक्ट सेव्ह करून मशीन नीट बंद करता आलं की त्याचं काम झालं. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर त्याच्या मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर आहे का बघा; दुसऱ्या मोडमध्ये बदल व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात मशीन रीस्टार्ट होतं.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात? मग अर्थिंग नाही किंवा खराब आहे. इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि मल्टिमीटर लावून फेज ते अर्थ व्होल्टेज मोजायला सांगा. ते फेज ते न्यूट्रलच्या आसपास आलं पाहिजे. जुन्या घरांत तीन पिनच्या सॉकेटमधली तिसरी पिन नुसती शोभेला असते. हे काम पार्ट आणण्याआधी उरका.

ऊन आणि धूळ

यूट्यूबवरचे तापमानाचे आकडे बहुधा एसीत, २२ अंशांच्या आसपास मोजलेले असतात. सोलापुरात मे महिन्यात बाहेर पारा ४२-४३ वर असतो आणि वरच्या मजल्यावरची पत्र्याची खोली दुपारी ३८ च्या खाली नसते. खोली १६ अंशांनी गरम, तर आतले आकडेही साधारण तेवढेच वर जातात: व्हिडिओत ७० दाखवणारं कार्ड तुमच्याकडे ८५ ला टेकतं. रायझन ७६०० ची मर्यादा ९५ अंश आहे. तिथे पोचला की तो जळत नाही, वेग कमी करतो. एक्स्पोर्टला दुपारी रात्रीपेक्षा जास्त वेळ लागतो, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

म्हणून खोक्यात मिळणाऱ्या छोट्या कूलरऐवजी १२० मिमी पंख्याचा टॉवर कूलर लावा. या प्रोसेसरला लिक्विड कूलिंगची गरज नाही. कॅबिनेट पुढून जाळीचं हवं. काचेचं तोंड असलेलं दिसायला झकास असतं, पण हवा घेणार कुठून? पुढे दोन-तीन पंखे आत हवा घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा. आत येणारी हवा जास्त असली की धूळ फटींतून न शिरता फिल्टरमधूनच येते.

पूर्व भागात, जिथे गल्लीत यंत्रमाग चालतात, तिथे प्रश्न साध्या धुळीचा नसतो. चादर-टॉवेलच्या मागांवरून उडणारे सुताचे तंतू कूलरच्या पात्यांमध्ये अडकतात, एकमेकांत गुंततात आणि काही महिन्यांत लोकरीसारखा थर बसतो. ब्रशने तो नुसता दबला जातो. पंखा बोटाने धरून ब्लोअर मारा किंवा चिमट्याने थर अख्खा ओढून काढा. अशा घरात निघणारा, धुता येणारा फिल्टर असलेलं कॅबिनेटच घ्या आणि दर पंधरा दिवसांनी फिल्टर झटका.

उन्हाळ्यात पाण्याचा कूलर लावत असाल तर त्याच्या झोताच्या तोंडासमोर कॅबिनेट नको. तुषार आणि पाण्यातले क्षार थेट आत जातात.

कोटेशन कसं वाचावं

हे नमुन्याचं कोटेशन बघा: ‘आय सेव्हन, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स, गेमिंग कॅबिनेट, ४५० वॅट एसएमपीएस.’ किंमत मोहात पाडणारी, आणि सोबत ‘मालक, काय पण चालतंय यावर!’

पिढी लिहिलेली नाही, म्हणजे प्रोसेसर तिसऱ्या-चौथ्या पिढीचा असण्याची दाट शक्यता. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालते आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना सॉफ्टवेअर तपासणारी सोय) मागतो. जुन्या बोर्डात टीपीएम २.० नसतं. रॅम डीडीआर ३ असणार. ‘४ जीबी ग्राफिक्स’ म्हणजे जीटी ७३० सारखं कार्ड, ज्यावर आजचे गेम तग धरत नाहीत. एसएमपीएसला कंपनीच नाही.

असं कोटेशन परत द्या आणि प्रत्येक ओळीत कंपनी, पूर्ण मॉडेल नंबर आणि वॉरंटीची वर्षं लिहून मागा. मग तोच कागद दुसऱ्या दुकानात दाखवा. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन माल घेऊन रात्री परतणारे आहेत, ऑनलाइन मागवणारेही आहेत. फरक हजार-दोन हजारांचा असेल तर मी गावातल्या दुकानाच्या बाजूने झुकतो, कारण पार्ट बिघडला की कुरियरची धावपळ दुकानदार करतो. फक्त सर्व्हिस सेंटर कुठे आहे आणि ती धावपळ खरंच तो करणार का, हे आधी विचारा. १८ टक्के जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर घालून घ्या. ‘बिनबिलाचं देतो, स्वस्त पडेल’ यात वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं.

असेंबल झाल्यावर, दुकानातच

टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग बघा. ६००० ची रॅम घेतली आणि ४८०० दिसतंय, तर बायोसमध्ये एक्स्पो किंवा एक्सएमपी (रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी सेटिंग) चालू करायचं राहिलंय. जीपीयू-झेड उघडून कार्डाचं नाव आणि व्हीरॅम बिलाशी ताडून बघा. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडीचे वापराचे तास बघा. नव्या डिस्कवर शेकडो तास असण्याचं कारण नाही.

घरी आल्यावर मॉनिटरची केबल मदरबोर्डला न लावता ग्राफिक्स कार्डाला लावा, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट स्वतः बदला. १८० हर्ट्झचा मॉनिटर ६० वर चालवणारे कितीतरी जण आहेत. मग भर दुपारी, खोलीचं दार लावून, अर्धा तास एक्स्पोर्ट चालू ठेवा आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये आकडे बघा. कार्डाचा खोका माळ्यावर टाका, पण वॉरंटी असेपर्यंत फेकू नका. सिरियल नंबरचा स्टिकर त्यावरही असतो.