नागपूरच्या नवतप्यातही मनीप्लांट हिरवागार कसा ठेवावा

नागपुरात घरातला मनीप्लांट उन्हापेक्षा पाण्यानेच जास्त मरतो. मे महिना लागला की आपल्याला त्याची काळजी वाटते आणि आपण रोज तांब्याभर पाणी ओततो. वर आपली काळी माती! ती पाणी धरून ठेवते, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि पानं पिवळी पडतात. पान पिवळं दिसलं की आणखी पाणी घालू नका, आधी माती तपासा.

लागवड सोपी आहे. वेलाचं पेर नीट बघा. पानाच्या देठाजवळ तपकिरी, टोकदार गाठ दिसते, ते हवाई मूळ. त्याच्या खाली बोटभर अंतरावर कापा आणि पेर बुडेल इतक्या पाण्यात ठेवा. पाणी आठवड्याला बदला. साधारण दोन-तीन आठवड्यांत पांढरी मुळं फुटतात. नुसतं पान पाण्यात ठेवलं तर मूळ फुटेलही, पण वेल होणार नाही.

कुंडीला तळाशी भोकं हवीतच. बागेतली माती, कोकोपीट आणि गांडूळखत समप्रमाणात घ्या, सोबत दोन मुठी जाड वाळू. पेर मातीत दाबलं की झालं. पुढे बोट दोन पेरं आत घालून माती कोरडी लागली तरच पाणी द्या, तेही तळातून निथळेपर्यंत. कूलरच्या खोलीत हवा दमट राहते, तिथे माती उशिरा वाळते. एसीच्या खोलीत लवकर. थंडीत पाणी आणखी कमी करा आणि कुंडी गॅलरीत असेल तर रात्री आत घ्या.

जागा पूर्वेच्या खिडकीजवळची उत्तम. पश्चिमेचं दुपारचं ऊन पानं करपवतं. अगदी कमी उजेडातही वेल जगतो, पण पानांवरचे पिवळे पट्टे फिके होत जातात आणि पेरांमधलं अंतर वाढतं. असा लांबोडका वेल बिनधास्त छाटा आणि तेच तुकडे मुळं फुटल्यावर त्याच कुंडीत लावा, कुंडी भरगच्च दिसते. मोठी पानं हवी असतील तर वेल काथ्याच्या काठीवर चढवा. मूळच्या पॅसिफिक बेटांवरच्या जंगलात तो झाडांवर असाच चढतो.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावल्यास तोंडाची आग होते. घरात रांगतं बाळ, मांजर किंवा कुत्रा असेल तर कुंडी उंच टांगा आणि लोंबणारी टोकं त्यांच्या हाता-तोंडाशी येण्याआधीच छाटत राहा.