पॅसिफिकमधल्या बेटांवरची विमानं: अंतर आणि वेळ काढताना या चुका टाळा

फिजीतल्या नांदीहून सामोआतल्या आपियाला जाणारं विमान सकाळी दहाला सुटतं असं धरा. ते पोचतं पाऊण वाजून गेल्यावर. लगेच कुणीतरी ‘पावणेतीन तासांचा प्रवास’ असं लिहून मोकळं होतं. परतीचं विमान दोनला निघून तीनच्या आत उतरलं की ‘येताना वारा पाठीशी असतो’ हे शास्त्रही तयार! अहो, वाऱ्यानं काही मिनिटं इकडेतिकडे होतील, दोन तास नाही. फिजीचं घड्याळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, १२ तास पुढे, सामोआचं १३. जाताना काय, येताना काय, प्रवास पावणेदोन-दोन तासांचाच.

याहून वाईट चूक तारखेची. आपियाजवळच्या फालेओलो विमानतळापासून अमेरिकन सामोआतलं पागो पागो जेमतेम दीडशे किलोमीटर, उड्डाण पाऊण तासाच्या आतबाहेर. पण मधून आंतरराष्ट्रीय वाररेषा जाते आणि फरक पडतो पूर्ण २४ तासांचा. घड्याळात वेळ तीच, वार वेगळा. ऑकलंडला राहणाऱ्या, आमच्या ओळखीतल्या एका मराठी जोडप्यानं शुक्रवारी दुपारी पागो पागोहून निघून त्याच संध्याकाळी आपियाहून नांदीचं विमान पकडायचं ठरवलं. मध्ये पाच-सहा तास हाताशी, म्हणून दोघं खूश. आपियात उतरले तेव्हा तिथे शनिवारची दुपार होती. नांदीचं विमान आदल्या संध्याकाळीच गेलेलं. पुढची तिकिटंही त्यालाच जोडलेली, त्यामुळे सगळी माळ ओघळली. बुकिंग करताना पडद्यावर वार दिसत होता हो, पण वाचायला धीर कुणाला?

माझी सवय जुनाट आहे. प्रत्येक उड्डाण आधी यूटीसीत वहीवर लिहितो, वारासकट. शुक्रवार दुपारी १२ला पागो पागो म्हणजे यूटीसी शुक्रवार रात्री ११. चाळीस मिनिटं मिळवा, मग १३ तास. शनिवार, दुपारी १२:४०. ॲपवाले हसतात, हसू द्या.

जुन्या माहितीवर तर मुळीच विसंबू नका. सामोआनं २०११ साली ३० डिसेंबर हा दिवसच वगळला आणि रेषेच्या पलीकडे उडी मारली. त्याआधीची वेळापत्रकं रद्दी.

स्वतः अंतर मोजणाऱ्यांसाठी: नांदी १७७.४ अंश पूर्व, फालेओलो १७२ पश्चिम. पश्चिमेचं उणे चिन्ह खाल्लंत तर रेखांशांतला फरक साडेपाच अंशांवर येतो आणि अंतर सव्वासातशे किलोमीटर. चिन्ह लावून नुसती वजाबाकी केलीत तर ३४९ अंश. तो ३६०मधून वजा करा, साडेदहा उरतील आणि अंतर १,२००च्या जरा वर येईल.

सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, साधा मैल १.६०९चा. कोष्टकात नुसतं ‘मैल’ लिहिलेलं असेल तर आधी खात्री करा.

आणि अंतरावरून वेळ काढण्याआधी विमान कुठेकुठे थांबतं ते बघा. ग्वाम ते होनोलुलू थेट सात-आठ तास. तेच मायक्रोनेशियातल्या चुउक, पोनपे, कोसराए, क्वाजालीन, माजुरो अशा बेटांवर उतरत गेलात तर जवळजवळ दुप्पट.