एक पेर मलम

माझ्या डाव्या हाताची तीनच बोटं फुटायची: अंगठा, त्याच्या शेजारचं आणि मधलं. उजवा हात अगदी धड. डोंबिवलीत माझं पोळी-भाजी केंद्र आहे, हात सतत पाण्यात, म्हणून मी भांड्यांच्या साबणाला दोष देत होते. स्किनच्या डॉक्टरीणबाईंनी हात पाहिला आणि पहिलाच प्रश्न केला, "काकू, लसूण डाव्या हातात धरून सोलता ना?"

सोलते. रोज पाऊण किलो. तो लसणाचा इसब होता. लसणातलं जे द्रव्य बाधतं, ते साध्या रबरी हातमोज्यांतूनही आत झिरपतं म्हणे.

चिठ्ठीवर आलं क्लोबेटासोल या स्टेरॉइडचं मलम: रात्री एकदा, दोन आठवडे, मग आठवड्यातून दोनच रात्री. तुमची चिठ्ठी वेगळी असणार. मी सांगतेय ती लावायची रीत. "स्टेरॉइड" हा शब्द ऐकूनच माझी गाळण उडाली होती. म्हणून मी मुगाच्या दाण्याएवढं मलम घेऊन तिन्ही बोटांना पुसायची, तेही आठवण झाली तर. महिना गेला, भेगा तशाच.

मग बाईंनी माप दाखवलं. मोठ्या माणसाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाच्या टोकापासून पहिल्या रेघेपर्यंत ट्यूबमधून मलमाची वळी काढायची. हे एक पेर, साधारण अर्धा ग्रॅम. ते बोटांसकट दोन तळहात मावतील एवढ्या कातडीला पुरतं. माझ्या तीन बोटांना अर्धं पेर रग्गड. दोन आठवड्यांत १५ ग्रॅमची ट्यूब जेमतेम पाव सरली. पण कुणाचा अख्खा पाय पावलापर्यंत इसबाने भरला असेल, तर एका वेळेला आठ पेरं लागतात. तीच ट्यूब चार वेळांत संपली तर घाबरू नका, हिशोब बरोबरच आहे. नातवाच्या गुडघ्यामागे इसब आहे, त्याचंही मोजमाप सुनेच्या बोटाने आणि सुनेच्या तळहाताने. पोराच्या चिमुकल्या बोटाने नाही. त्याला मात्र सौम्य हायड्रोकॉर्टिसोन आहे. लंगोटाच्या जागी तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काहीच नाही, कारण झाकलेल्या कातडीत औषध जास्त मुरतं. म्हणूनच मलमावर प्लास्टिक किंवा पट्टी आपल्या मनाने गुंडाळायची नाही.

लावताना घासायचं नाही. शेवटची भांडी झाली की मी हात टिपून कोरडे करते, लाल-खरखरीत जागेवरच पातळ थर देते आणि अर्ध्या तासाने सगळ्या हाताला व्हॅसलीन चोपडते. लगेच चोपडलं तर मलम नको तिथे पसरतं. इतरांनी मलम लावून झालं की हात धुवावेत. माझं औषधच हातावर, म्हणून मी सुती मोजे घालते, नाहीतर झोपेत डोळे चोळले जातात. आणि ते व्हॅसलीन प्यालेले मोजे घालून शेगडीपाशी जायचं नाही. असं कापड भसकन पेटतं.

आता ह्यांचा पराक्रम. जांघेत खाज सुटली म्हणून ह्यांनी गुपचूप माझी ट्यूब वापरली. तीन दिवसांत खाज गायब, स्वारी खूश. पंधरवड्यात चकंदळं मांडीवर उतरली. ते गजकर्ण होतं, बुरशी. स्टेरॉइडने लाली आणि खाज दबते, पण कातडीची लढायची ताकदही दबते, मग बुरशीला मोकळं रान. वर जांघेतली कातडी पातळ, तिथे माझ्या हाताच्या बोटांचं कडक औषध! निस्तरायला चार महिने लागले. एकाची ट्यूब दुसऱ्याला नाही, आणि एका जागेची दुसऱ्या जागेला नाही.

चेहऱ्याचं तर विचारूच नका. लग्नाआधी उजळायचं म्हणून भाचीने मेडिकलमधून जे क्रीम आणलं, त्यात मोमेटासोन निघालं. आधी चेहरा चमकला, मग पुरळ, लव, आणि क्रीम सोडलं की आग. २०१८ मध्ये सरकारने नियम कडक केले, अशी क्रीमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी काउंटरवर सहज मिळतात. तेव्हा बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही दिसलं की ते स्टेरॉइड. टक्क्यांवर जाऊ नका: हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का असून सौम्य, क्लोबेटासोल ०.०५ टक्के असून सगळ्यांत जहाल.

कातडी कागदासारखी पातळ, चकचकीत व्हायला लागली, लाल शिरा किंवा चट्टे उमटले, पू झाला, किंवा दोन आठवड्यांत काहीच फरक नाही, तर ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जा. खूप महिने कडक मलम लावलं असेल तर एकदम बंद करू नका. कसं उतरवायचं ते त्यांनाच विचारा.

माझी बोटं आता बरी आहेत. लसूण हे सोलतात, ट्यूबचं भाडं म्हणून.