अनंताची पाने पिवळी पडतात, कळ्या गळतात : या चुका टाळा

अनंताचे पान पिवळे दिसले की बहुतेक जण खताची पिशवी उघडतात, आणि झाडाचे खरे नुकसान बहुधा तिथूनच सुरू होते. पिवळेपणाची कारणे निरनिराळी असतात, प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो आणि एका कारणावरचा उपाय दुसऱ्या कारणात अपाय करू शकतो. म्हणून काहीही करण्याआधी पिवळे पान झाडावर नेमके कुठे आहे, हे शांतपणे पाहावे.

त्याहीआधी झाड अनंताचेच आहे याची खात्री करून घ्यावी. दुहेरी पाकळ्यांची तगर आणि अनंत यांची लहान रोपे फुलांशिवाय सहज ओळखू येत नाहीत. पान देठापाशी तोडून पाहावे. पांढरा चीक आला तर ते झाड तगरीचे आहे, अनंताला चीक नसतो. तगर बरीच सोशिक असल्याने तिच्या सवयीने अनंताची निगा राखणे हीच पुढच्या अनेक चुकांची सुरुवात असते.

अनंत, म्हणजे गार्डेनिया जॅस्मिनॉइड्स, हे कॉफीच्या कुळातील झुडूप मूळचे दक्षिण चीन, जपान आणि व्हिएतनामच्या भागातले आहे. आम्लधर्मी, ओलसर पण पाणी न साचणारी माती आणि दमट हवा ही त्याची मूळ परिस्थिती आहे. मातीचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कता दाखवणारा अंक; ७ च्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी) साधारण ५ ते ६.५ असेल तर हे झाड सुखात राहते. तो ७ च्या पुढे गेला की मातीत लोह असूनही ते मुळांना घेता येत नाही.

पिवळे पान वाचताना होणारी चूक

लोह झाडाच्या शरीरात एका पानातून दुसऱ्या पानात सहसा जात नाही, म्हणून त्याची कमतरता प्रथम शेंड्याकडील कोवळ्या पानांवर दिसते. पान पिवळे होते, पण शिरा हिरव्या राहतात. नत्र आणि मॅग्नेशियम यांचे उलट आहे. झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देते, त्यामुळे त्यांची कमतरता खालच्या पानांवर उमटते. नत्र कमी पडले तर जुने पान सबंध फिके होते, तर मॅग्नेशियम कमी पडले तर ते कडांकडून पिवळे होत जाते आणि देठाजवळचा भाग बराच काळ हिरवा राहतो. माती ओली असूनही झाड मलूल दिसत असेल, तर अन्नाचा प्रश्न बाजूला ठेवून मुळे पाहावीत. कुजलेली मुळे तपकिरी आणि मऊ झालेली असतात, आणि अशा झाडाला खत देणे म्हणजे त्याच्यावर आणखी भार टाकणे होय. नवी पालवी फुटण्याच्या सुमारास आतल्या बाजूची काही जुनी पाने एकदम पिवळी होऊन गळतात, ते मात्र स्वाभाविक आहे. सदाहरित झाडाचे पानही कधीतरी गळतेच, फक्त सगळी पाने एकाच वेळी गळत नाहीत.

कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असे दिसल्यावर बाजारातून कोणतेही लोहखत आणून टाकणे ही पुढची चूक ठरते. चुनखडीच्या मातीत साधे फेरस सल्फेट हे लोहखत थोड्याच काळात अविद्राव्य, म्हणजे पाण्यात न विरघळणारे होते. ईडीटीए (EDTA) प्रकारचे चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून सेंद्रिय रेणूत धरून ठेवलेले लोह, साधारण ६.५ सामूपर्यंतच टिकते. त्याहून अल्कधर्मी मातीत ईडीडीएचए (EDDHA) प्रकारचे लोह घ्यावे लागते. पाकिटावर हा प्रकार छापलेला असतो आणि तो वाचण्याचे कष्ट अवश्य घ्यावेत. तरीही ही मलमपट्टीच आहे, कारण मूळ दोष बहुतेकदा पाण्यात असतो. कठीण (जड, क्षारयुक्त) पाण्यातील बायकार्बोनेटे नावाचे क्षार रोज थोडी थोडी जमा होऊन कुंडीतील उत्तम मातीलाही वर्षभरात अल्कधर्मी करून टाकतात. कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरा थर दिसू लागला की हे घडत आहे असे समजावे. पाणी रात्रभर भरून ठेवल्याने क्लोरीन कमी होते, कठीणपणा कमी होत नाही. या दोहोंची गल्लत फार वेळा केली जाते. पावसाचे पाणी साठवून देणे हा सर्वांत सरळ उपाय आहे. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घातलेले पाणी तात्पुरता परिणाम करते. मातीचा सामू खरोखर खाली आणायचा तर गंधकाची भुकटी मिसळावी, मात्र जिवाणूंकडून तिचे आम्लात रूपांतर व्हायला काही आठवडे ते काही महिने लागतात, तेवढा धीर धरावा. राख, चुना आणि हाडांचा चुरा अनंताला घालू नये. सिमेंटच्या नव्या भिंतीलगत हे झाड लावणेही टाळावे, कारण भिंतीतील चुना पाण्याबरोबर झिरपून मुळांपर्यंत येतो.

कळ्या फुलण्याआधी गळणे

कळ्यांनी भरलेले झाड आठ-दहा दिवसांत रिकामे झालेले पाहणे फार क्लेशदायक असते, आणि कारण शोधताना आपण कीटकांकडे आधी वळतो. प्रत्यक्षात पाण्यातील अनियमितता हे सर्वाधिक आढळणारे कारण आहे. माती एकदा पूर्ण सुकू देऊन नंतर भरपूर पाणी घातले की झाड प्रथम कळ्या सोडून देते. वरचा सुमारे एक इंच थर सुकल्यावर पाणी द्यावे आणि बुंध्यापासून थोडे अंतर सोडून वाळलेल्या पानांचे आच्छादन करावे. दुसरे कारण उष्ण रात्री हे आहे. कळ्या धरण्यासाठी १५ ते १८ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या रात्री या झाडाला मानवतात, त्यामुळे उकाड्याच्या काळात कळ्या कमी धरल्या तर दोष निगेचा नसतो. तिसरे कारण सर्वस्वी आपल्या हातातले आहे. कळ्या असलेली कुंडी जागेवरून हलवू नये आणि त्या काळात झाड दुसऱ्या कुंडीत लावू नये. अधिक ऊन मिळावे या सद्हेतूने मी एकदा कळ्यांनी लगडलेली कुंडी दुसऱ्या बाजूला नेली आणि त्या बहरातील एकही फूल पाहायला मिळाले नाही. सकाळचे चार ते सहा तास ऊन आणि दुपारी सावली मिळेल अशी जागा बहराच्या आधीच ठरवून ठेवावी. हवा कोरडी असेल तर पाणी फवारण्यापेक्षा कुंड्या जवळजवळ ठेवणे बरे, कारण फवाऱ्याचा परिणाम काही मिनिटेच टिकतो आणि पाकळ्यांवर तपकिरी डाग मात्र पडतात. एवढे करूनही कळ्या आतून काळपट आणि वेड्यावाकड्या निघत असतील, तर फुलकिडे आहेत का ते कळी उकलून पाहावे.

छाटणी आणि लागवड

छाटणी बहर संपताच करावी. उशिरा केलेल्या छाटणीत पुढील हंगामाच्या कळ्या धरणाऱ्या फांद्याच कापल्या जातात, आणि मग झाड हिरवेगार असूनही फुलत नाही. लागवडीत रोप खोल पुरणे ही नेहमीची चूक आहे. मुळांच्या गोळ्याचा वरचा भाग भोवतालच्या मातीपेक्षा किंचित उंच राहिला पाहिजे. कलमी रोप असेल तर जोडाच्या खालून येणारे फुटवे वेळीच काढावेत, अन्यथा खुंट (ज्यावर कलम बांधलेले असते ते खालचे झाड) जोर धरतो आणि वरचा अनंत हळूहळू मागे पडतो.

पानांवर काजळीसारखा काळा थर आला म्हणून बुरशीनाशक फवारण्याचाही उपयोग होत नाही. ती बुरशी मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड यांच्या चिकट स्रावावर वाढते. फांद्यांवर मुंग्यांची ये-जा दिसत असेल तर पानांची खालची बाजू तपासावी, कीड हाताने पुसून काढावी आणि उन्हे उतरल्यावर कडुनिंबाच्या तेलाचे सौम्य द्रावण पानांच्या खालून फवारावे. कीड गेली की काळा थर ओल्या फडक्याने सहज निघतो.