रात्री बाथरूमला उठताना तोल जातो, त्यावर साधा उपाय

माझी आत्या वृद्धाश्रमात असते, वय ८२. तिथे पडापडीचे किस्से बहुतेक रात्रीचेच, झोपेतून ताडकन उठून बाथरूमकडे निघालं की बीपी एकदम खाली येतं, डोळ्यापुढे अंधारी येते आणि माणूस खाली. आम्ही आता हे करतो:

१. जाग आली की आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडून कॉटच्या कडेला बसायचं. बसल्या बसल्या पावलं वर-खाली १५-२० वेळा हलवायची. एक-दोन मिनिटं तरी. आत्या तेवढ्यात रामरक्षेचे चार श्लोक म्हणते, घड्याळ बघायची गरजच नाही :)

२. मग धरून उभं राहायचं, दहा आकडे मोजायचे, गरगरलं तर परत खाली बसायचं आणि बेल वाजवायची.

३. बसल्यावर दोन्ही पावलं जमिनीला पूर्ण टेकली पाहिजेत, कॉट उंच असेल तर बदलून मागा. गाऊन घोट्याच्या वर. सपाता बंद, मागे पट्टा असलेली चप्पल घ्या, आणि ती डाव्या-उजव्या बरोबर मांडून ठेवा, नाहीतर अंधारात पायाने चाचपडतानाच तोल जातो. हालचालीवर लागणारा छोटा सेन्सर लाइट कॉटखाली चिकटवला की काम झालं.

एक मात्र सांभाळा, पडू नये म्हणून रात्रभर कठडा लावून ठेवू नका, आजी-आजोबा त्यावरून चढून उतरायला बघतात आणि जास्त उंचीवरून पडतात. आणि रोजच चक्कर येत असेल तर बीपीच्या, झोपेच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा, आपल्या मनाने बंद करू नका.