टिप-टॉप म्हणा, टॉप-टिप नको

मराठीत जोडशब्द पाडायला कुणाची परवानगी लागत नाही. चहाबिहा, लग्नबिग्न, पुस्तकंबिस्तकं. पहिल्या अक्षराच्या जागी 'बि' बसवला की झालं काम. सांगलीत संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजी बोलायला शिकायला येणारी मंडळी हीच सवय तिकडे नेतात आणि पाहुण्याला विचारतात, 'टी-बी घेणार?' पाहुणा दचकतोच.

इंग्रजीतल्या बहुतेक जोड्या तयार कपड्यांसारख्या आणायच्या असतात, घरी शिवायच्या नसतात. आणताना काय बघायचं, तेवढं सांगते.

आधी कानाचं काम. स्वर बदलणाऱ्या जोड्या मोठ्याने म्हणा: झिगझॅग, चिट-चॅट, निक-नॅक, डिली-डॅली, विशी-वॉशी, पिंग-पाँग, फ्लिप-फ्लॉप. पहिल्या तुकड्यात 'इ', दुसऱ्यात 'अॅ' किंवा 'ऑ'. म्हणजे जीभ आधी वर आणि पुढे, मग खाली. सी-सॉसुद्धा त्याच वाटेने जातो. आवाजाचा जोर पहिल्या तुकड्यावर द्या, दुसरा आपोआप सैल पडतो. आपला गोंधळ होतो तो आपली जीभ बरेचदा उलटी चालते म्हणून. टापटीप, ठाकठीक, धामधूम: तोंड आधी मोठं उघडायचं, मग मिटत आणायचं. इंग्रजी टिप-टॉप आणि मराठी टापटीप शेजारी ठेवून दोन-चार वेळा म्हणा. एवढं जमलं की कुठला तुकडा आधी, हे पाठ करायची गरज उरत नाही.

मग यमकाच्या जोड्या. यातल्या कितीतरी 'ह'ने सुरू होतात आणि त्यांचा अर्थ बहुतेक वेळा गोंधळ, लबाडी नाहीतर नखरा असा असतो. हेल्टर-स्केल्टर म्हणजे सैरावैरा, हिगल्डी-पिगल्डी म्हणजे अस्ताव्यस्त, होकस-पोकस म्हणजे हातचलाखी, होइटी-टोइटी म्हणजे नाक वर करून वागणारी. (मोहरमच्या मिरवणुकीतलं 'या हसन, या हुसेन' गोऱ्या शिपायांच्या तोंडी 'हॉब्सन-जॉब्सन' झालं आणि यूल आणि बर्नेल यांच्या 1886च्या अँग्लो-इंडियन शब्दकोशाला तेच नाव मिळालं. 'ह'ची ही ओढ अशी जुनी.) म्हणून 'ह'ची यमकी जोडी कानावर पडली, तर ती कौतुकाची नाही असं आधी धरून चाला.

सगळ्यात जास्त वेळ मी घालवते तो 'हे कुणासमोर बोलायचं' यावर. अर्थ माहीत असूनही माणूस इथेच घसरतो. गुडी-गुडी म्हणजे गुणी मुलगी नव्हे. चांगुलपणाचा आव आणणारी. स्थळाच्या माहितीत 'अवर डॉटर इज गुडी-गुडी' असं लिहिलेलं मी खोडलेलं आहे. चॉप-चॉप म्हणजे 'चल, आटप'. तो चीनच्या बंदरांतल्या व्यापाऱ्यांच्या मोडक्या इंग्रजीतून आला, आणि आजही वरच्याने खालच्याला हुकूम सोडावा तसाच लागतो. साहेबांना म्हणू नका, वेटरलाही नको. हँकी-पँकीचा एक अर्थ हिशेबातली लबाडी, पण ऐकणाऱ्याला आधी दुसराच, चोरट्या लफड्याचा, आठवतो. ऑफिसच्या मेलमध्ये नकोच. मम्बो-जम्बो म्हणजे अर्थहीन बडबड; तो पश्चिम आफ्रिकेतल्या प्रवासवर्णनांतून आला. कुणाच्या पूजाअर्चेला तसं म्हटलंत तर अपमान होतो. सुपर-डुपर, ओकी-डोकी मित्रांपुरते. झिगझॅग आणि क्रिस-क्रॉस मात्र कुठेही खपतात, अगदी सरकारी अहवालातही.

नुसताच शब्द दोनदा म्हणणं हा वेगळाच सापळा. आपण गरम गरम चहा पितो, बारीक बारीक कांदा चिरतो. 'हॉट-हॉट टी', 'स्मॉल-स्मॉल पीसेस' म्हटलं की लंडनचा माणूस समजून घेईल, पण तो असं बोलत नाही. तिथे 'व्हेरी' वापरा. त्यांच्याकडे नाम दोनदा म्हटलं तर अर्थ 'खराखुरा' असा होतो: 'नुसतं बटाट्याचं नको, मला सॅलड-सॅलड हवंय', म्हणजे पाल्याचं.

आता शब्द वाक्यात बसवा. वहीत एकटा शब्द लिहू नका, सोबत माणूस आणि प्रसंग लिहा. डिली-डॅली हे क्रियापद: टंगळमंगळ करणं. शिली-शॅलीही क्रियापद, पण ते तळ्यात-मळ्यात करणाऱ्याचं. मूळच 'शॅल आय? शॅल आय?' असं स्वतःला विचारत बसण्यातून आलेलं. कामाला उशीर लावणारा डिली-डॅली करतो, निर्णय न घेणारा शिली-शॅली. वर्गात मी दोघांची नावं घेऊन उदाहरणं देते आणि कुणी रागावत नाही. विली-निली क्रियाविशेषण आहे. 'इच्छा असो वा नसो' हा त्याचा जुना अर्थ. आता 'कसंही, कुठेही' असाही चालतो. विशी-वॉशी विशेषण: पाणचट चहा किंवा गुळमुळीत उत्तर, दोन्हीला लागतं. भूतकाळ करताना झिगझॅगचा शेवटचा 'जी' दोनदा लिहायचा, डिली-डॅलीच्या शेवटच्या 'वाय'चा 'आयई' करून पुढे 'डी'.

घरी शिवायची एक सूट मात्र आहे. यिडिश बोलणाऱ्या ज्यूंनी अमेरिकेत नेलेली ही पद्धत: दुसऱ्या तुकड्याच्या सुरुवातीला 'श्म' लावायचा. फॅन्सी-श्मॅन्सी, डॉक्टर-श्मॉक्टर. जवळजवळ कुठल्याही शब्दाला लावा, चालतं. पण तो 'चहाबिहा'तला आदरातिथ्याचा 'बि' नव्हे. 'प्रेमबिम काही नसतं' म्हणताना जो लागतो, तो. म्हणून पाहुण्याला 'टी-श्मी' विचारू नका.