१९००-१९१५ च्या इंग्लिश फुटबॉलरचं करिअर कसं शोधायचं

आधी त्याचे क्लब आणि सीझन लिहून काढा, आणि क्लबचं नाव त्या वर्षी काय होतं ते बघाच, कारण मँचेस्टर युनायटेड १९०२ पर्यंत न्यूटन हीथ होतं, बर्मिंगहॅम १९०५ पर्यंत स्मॉल हीथ, नव्या नावाने शोधलंत तर अर्धं करिअर हातातून निसटतं.

फक्त फुटबॉल लीगचे (म्हणजे देशातल्या मुख्य लीगचे) आकडे बघून थांबू नका. साउथ इंग्लंडमधले बरेच चांगले प्लेअर सदर्न लीग या वेगळ्या लीगमध्ये खेळायचे, तिथली वर्षं तुम्हाला रिकामी दिसतील पण माणूस खेळतच होता.

मग पेपर. तेव्हा शर्टवर नंबर नसायचे आणि बदली खेळाडूही नसायचा, त्यामुळे मॅच रिपोर्टमधली अकरा नावं हाच खरा पुरावा, बहुतेक वेळा नुसतं आडनावच असतं, म्हणून पोझिशन जुळवून बघा, नाहीतर दोन स्मिथ एकत्र होतात!

क्लब का बदलला ते समजायला पैशाचा नियम लक्षात ठेवा. १९०१ पासून आठवड्याला जास्तीत जास्त ४ पौंड पगार, आणि क्लबने सोडल्याशिवाय लीगमधल्या दुसऱ्या क्लबकडे जाता यायचं नाही. मला हे फार अन्यायाचं वाटतं, कारण १९०५ मध्ये आल्फ कॉमन या प्लेअरसाठी मिडल्सब्रोने संडरलंडला १००० पौंड मोजले, पण त्याच्या पगाराला मर्यादा तीच.

पहिल्या महायुद्धामुळे १९१५ ते १९१९ लीग बंद होती, तो गॅप सैन्याच्या रेकॉर्डमध्ये शोधा. १९११ च्या जनगणनेत धंदा आणि पत्ताही मिळतो.